मिठाच्या वखारीतले एक्केचाळीस दोष

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

कापडाचे शेवटचे सहा लूम आज गेले. भंगारवाल्यानं ते उभे नेलेच नाहीत. जागेवरच गॅसनं कापले आणि तुकडे टेम्पोत फेकले. अकरा नंबरला कापायला सर्वांत जास्त वेळ लागला. तो माझ्या हातचा होता.

सात वर्षं मी या वखारीत काढली. आधी तुटलेले धागे जोडायचो, नंतर लूम दुरुस्त करणारा जॉबर झालो. आता भाडेकरू शेठ धंदा गुंडाळून गावी गेले आणि किल्ली मालकिणीला नेऊन द्यायचं काम माझ्यावर टाकून गेले. मालकीण म्हणजे आक्का. खाडीच्या धक्क्यावरची ही दगडी वखार त्यांच्या आजोबांनी बांधली. आक्कांच्या वडिलांनी ती मुलाला न देता मुलीच्या नावावर केली, ही गोष्ट पाड्यात अजून बोलली जाते.

किल्ली द्यायला गेलो तेव्हा त्यांच्या भावाची दोन्ही मुलं तिथेच होती. मोठे मनोजशेठ. त्यांची हायवेला गोडाऊन आहेत. आणि धाकट्या निशाताई, मुंबईला चित्रकला शिकून आलेल्या. मनोजशेठ म्हणत होते, वखार पाडू, एक कंपनी गोडाऊन घ्यायला तयार आहे, आक्कांनी फक्त सही करायची. निशाताई म्हणत होत्या, पाडायची नाही, तिथे चित्रांची जागा करायची. एका महिन्यात चित्रं, दुसऱ्या महिन्यात नाटक, तिसऱ्यात आणखी काही. त्यासाठी आतल्या भिंती हलणाऱ्या हव्यात.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, भिंत जिथे असते तिथेच असते. निशाताई हसल्या. म्हणाल्या, "लूम हलता ठेवायचास ना? मग भिंत का नाही?" आणि विचारलं, राहशील का कामाला.

आक्का बराच वेळ सुपारी कातरत होत्या. मग म्हणाल्या, "होळीपर्यंत देते. होळीला वखारीवर मानसं आली तर वखार राहील. न्हाय आली तर मनोज, तुझा कागद आन, मी सही करते."

मी हो म्हणून बसलो.

१९ नोव्हेंबर, रविवार

निशाताईंनी जाड रजिस्टर दिलं आहे. रोज काय काम केलं आणि वखारीत कुठे काय दोष आहे, ते मापासकट लिहायचं. त्यात मला काय वाटतं ते लिहायचं नाही, हे मीच ठरवलं. ते या वहीत लिहीन. मी नववीत शाळा सोडली, पण शुद्धलेखनात माझे गुण कधी गेले नाहीत. रजिस्टरमध्ये एकही खाडाखोड दिसता कामा नये.

आज एकोणीस दोष झाले. पूर्वेच्या भिंतीला तडा, सहा फूट दोन इंच. छताच्या तिसऱ्या कैचीच्या लाकडाला वाळवी, हातभर. खाडीच्या दाराची बिजागरी गंजलेली. असं मोजत जाताना मला फार बरं वाटतं. मोजलेली गोष्ट कमी भीतीची वाटते.

३ डिसेंबर, रविवार

चुना बसत नाही. पहिला हात दिला, दोन दिवसांत पापुद्रे सुटले. घासून दुसरा दिला. आज सकाळी तोही जमिनीवर पडलेला, जशी पिठाची चाळण उलटी केली. खालून भिंत ओलसर आणि तिच्यावर पांढरं काहीतरी फुलून आलेलं.

दारात बाळारामबाबा बसलेले असतात. वय ऐंशीच्या वर, पाड्यातलेच. सकाळी येतात, दुपारी जेवायला जातात, परत येतात. त्यांना इथे कुणी कामाला ठेवलेलं नाही. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "भितीच्या पोटात मीठ हाय रं. तू वरना पावडर लावतोस."

मला राग आला. त्यांना म्हणालो, बाबा, काम करू द्या. तिसरा हात दिला. रजिस्टरमध्ये दोष क्रमांक २६ म्हणून लिहिलं: भिंतींना पाणी मुरून चुना सुटतो.

१५ डिसेंबर, शुक्रवार

लूमची सुट्टी शुक्रवारची. लूम गेले तरी शुक्रवारी पाय गावी, दिघाशीला वळतात. आईनं भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं. विचारलं, आता कसली ड्युटी करतोस.

चाकांवर भिंती करतो, असं सांगितलं. ती चुलीपुढे तशीच थांबली. "भितीला चाकं? मंग घर कसं उभं राह्यचं?"

घर नाही, चित्रं लावायची जागा, म्हणालो. चित्रं कुनाची? ते ठरलेलं नाही. बघाया कोन येनार? ते माहीत नाही. मंग पोरा तुला काय माहीत हाय? ती म्हणाली, खळ्यात तुझ्या बापाचं काम पडलंय ते तरी कर. संध्याकाळपर्यंत पेंढा रचून दिला आणि नारपोलीला खोलीवर आलो. अंग दुखतं आहे, पण पेंढ्याची उडवी सरळ रचली गेली आहे. ती सगळ्यांना दिसते. माझी भिंत अजून कुणाला दिसत नाही.

२८ डिसेंबर, गुरुवार

चार भिंती पुऱ्या. प्रत्येक आठ फूट उंच, सहा फूट लांब. लाकडी चौकट, दोन्ही बाजूंनी प्लाय, खाली रुंद पाया म्हणजे कलंडणार नाही. पायाला चार चाकं, आत छर्रे असलेली. निशाताईंनी एका बोटानं ढकलली. भिंत गेली. त्या दोन मिनिटं नुसत्याच तिच्याबरोबर चालत राहिल्या, वखारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाल्या, "विपुल, हे तू केलंस?" मी म्हणालो, सुताराला बोलावलं असतं तर सांधे आणखी साफ आले असते. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. काहीतरी चुकलं असावं. सांधे परत घासले.

७ जानेवारी २००७, रविवार

घात झाला.

आज आठवी भिंत पुरी झाली. आजवर कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या आठही भिंती निशाताईंनी सांगितल्या तशा मांडल्या, मध्ये फिरायला वाटा सोडून. छान दिसत होतं. आम्ही बाहेर चहा प्यायला गेलो. परत आलो तर आठही भिंती खाडीच्या दाराशी एकमेकींना टेकून उभ्या. रांगेत, जशी माणसं रेशनला उभी राहतात. आत कुणीही नव्हतं.

निशाताईंना हसू आवरेना. मी पाण्याची नळी आणून पातळी मोजली. ऐंशी फुटांत चौदा इंच उतार, खाडीकडे.

मग सगळं लक्षात आलं. लूम बसवताना आमचे उस्ताद म्हणायचे, "खाड़ी साइड दो पट्टी ज़्यादा मार." प्रत्येक लूमच्या खाडीकडच्या पायाखाली दोन लाकडी पट्ट्या जास्त. मी सात वर्षं त्या ठोकल्या. का ठोकतो, हे एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, लूमचे मागचे पाय झिजतात.

रजिस्टरमध्ये नोंद केली. दोष क्रमांक ४१: संपूर्ण जमीन खाडीकडे खचलेली. चौदा इंच.

खचलेल्या इमारतीत आपण माणसं बोलावणार.

१४ जानेवारी, रविवार

भिंतींना लाकडी गुटके केले, चाकाखाली सारायला. आता हलत नाहीत. आज संक्रांत, तरी काम केलं. लोडशेडिंग सकाळी चार तास, दुपारी दोन. करवत हातानं चालवली. पाड्यातले दोघे-तिघे दारातून डोकावून गेले. एकानं विचारलं, इथे नवीन दवाखाना होतो का. मी म्हणालो, होळीला या आणि बघा. पहिल्यांदाच असं छाती काढून बोललो.

२१ जानेवारी, रविवार

आज मनोजशेठ एकटे आले. निशाताई मुंबईला चित्रकारांना भेटायला गेल्या आहेत, हे त्यांना ठाऊक नसावं. मी खुर्ची पुसून दिली. त्यांनी भिंती पाहिल्या, ढकलून पाहिल्या, भांडणाचं काहीच बोलले नाहीत. मला वाटायचं तसे ते कडक नाहीत.

मग टेबलावरचं रजिस्टर उघडलं आणि उभ्यानंच पानं वाचली. म्हणाले, "हे तू लिहितोस? माझ्याकडे ग्रॅज्युएट पोरं आहेत, एकाला असं लिहिता येत नाही." प्रत्येक मापाबद्दल विचारलं, हे नीट मोजलंस ना. मी सांगितलं, दोनदा मोजल्याशिवाय लिहीत नाही. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या गोडाऊनला सुपरवायझरची जागा आहे म्हणे. होळीनंतर विचार कर, म्हणाले.

रजिस्टर दोन तासांसाठी मागून नेलं. घरची इमारत आहे, काय काय दुरुस्ती लागेल ते आपल्यालाही कळायला हवं, असं म्हणाले. मला बरं वाटलं. बहीण-भावात समेट होत असेल तर माझ्या रजिस्टरमुळे होतो आहे. दोन तास म्हणाले आणि दीड तासात माणसाबरोबर परत पाठवलं. शब्दाचे पक्के आहेत.

निशाताईंना सांगायला हवं. त्या मुंबईहून आल्या की सांगेन.

२४ जानेवारी, बुधवार

निशाताई आल्या. पाच चित्रकार होळीला चित्रं लावायला तयार आहेत. त्या इतक्या खुशीत होत्या की रजिस्टरचं बोलायचं जमलं नाही. एवढं काही महत्त्वाचंही नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

दारावर सरकारी बांधकाम कार्यालयाची नोटीस चिकटवली आहे. इमारत धोकादायक असल्याचा तक्रार अर्ज आला आहे. पंधरा दिवसांत पाहणी होईल, त्या वेळी पाडण्याचा आदेश का काढू नये याचा खुलासा करावा. खाली अर्जातले मुद्दे.

"पूर्वेच्या भिंतीला तडा, सहा फूट दोन इंच." "छताच्या तिसऱ्या कैचीच्या लाकडाला वाळवी, हातभर." "संपूर्ण जमीन खाडीकडे खचलेली. चौदा इंच."

माझी वाक्यं. टाइप केलेली, पण माझीच. सरकारी माणूस कशाला 'हातभर' लिहील.

मी ती नोटीस तीनदा वाचली. एकही चूक नव्हती.

७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी कपडे पिशवीत भरले होते. मग वाटलं, पळालो तर मनोजशेठनं मला विकत घेतलं असंच सगळे म्हणतील. म्हणून आक्कांच्या घरी गेलो. निशाताई तिथेच होत्या. दोघींसमोर उभं राहून सगळं सांगितलं: रजिस्टर कधी दिलं, किती वाजता, किती वेळ, सुपरवायझरच्या जागेचं, आणि मला कौतुक ऐकून बरं वाटलं होतं तेही.

निशाताई खाली बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं.

मी म्हणालो, मी जातो. आक्का म्हणाल्या, "कुठं जातोस? लिवलंस तू ना? मग साहेब येल तवा वाच पन तूच."

मी म्हणालो, आक्का, ते सगळं खरं आहे. खोटं कसं सांगू?

"खोटं सांग असं कोन बोल्लं तुना? खरं हाय तर पुरं खरं शोधून आन. अर्धं खरं त्या मनोजनं नेलंय."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दिघाशीला गेलो नाही. सकाळपासून एक एक दोष घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आहे. तडा बाहेरच्या गिलाव्याला आहे, दगडात नाही. छिन्नीनं गिलावा काढून पाहिला. वाळवी वरच्या पातळ फळीला आहे, मूळ सागाला नाही. अशा बारा नोंदी झाल्या. पण चौदा इंचांचं काय करू?

दुपारी हरलो आणि बाळारामबाबांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसलो. तीन महिन्यांत त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. आज विचारलं, बाबा, ही जमीन कधीपासून खचली?

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले, खोकले आणि पुन्हा हसले. "खचली? आरं, खचंल कशी? अशीच बांधलीय. आगरातलं मीठ वलं येतं. ढीग मारला की पानी सुटतं. उतार नसंल तर मीठ पान्यातच बसंल ना? ते पानी खाडीचे दाराखालशी भोकातनं जायाचं. मी पोर व्हतो तवा त्या भोकात पाय घालून बसायचो."

दाराखालचं भोक दाखवा म्हणालो. लूमवाल्या शेठनं वर सिमेंटचा कोबा केला होता. छिन्नी चालवली. हातभर खाली दगडात कोरलेली पन्हळ निघाली, खाडीकडे तोंड असलेली.

आधी का नाही सांगितलंत, मी विचारलं. म्हणाले, "तू मना काम करू दे बोल्लास. मी करू दिलं."

भिंतीतलं मीठही तेच. शंभर वर्षांचं मीठ दगडात आहे. पाणी मुरत नाही, मीठ बाहेर येतं. दोष क्रमांक २६ मी चूक लिहिला.

१० फेब्रुवारी, शनिवार

निशाताईंनी काल संध्याकाळी विचारलं, उतार मुद्दाम केलेला आहे की इमारत खचली आहे, हे त्या साहेबांना कसं पटवायचं? बाबांची गोष्ट ते ऐकतील, पण कागदावर कशी घेतील?

मी रात्रभर त्याच विचारात होतो. खचलेली जमीन एका कोपऱ्यात जास्त जाते, दुसऱ्यात कमी. तिच्यावरून काही सोडलं तर वाकडं जाईल. बांधलेला उतार सगळीकडे सारखा असतो. नळी लावून बत्तीस ठिकाणी पातळी घेतली. आकडे आहेत. पण आकड्यांनीच मला इथे आणलं आहे. आता त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

पाहणी झाली. जसं झालं तसं लिहितो.

कार्यालयातून अभियंता साहेब आणि त्यांचा एक माणूस आले. मनोजशेठ गाडीतून. आक्का खुर्ची टाकून मधोमध बसल्या. साहेबांनी अर्जाची प्रत काढली आणि पहिला मुद्दा वाचायला लागले. मी पुढे झालो. म्हणालो, "साहेब, ही वाक्यं माझी आहेत. मीच वाचतो."

मनोजशेठ म्हणाले, हा इथला कामगार आहे, शिकलेला नाही. मी म्हणालो, "नववीपर्यंत शिकलोय, शेठ. तुम्हीच म्हणालात ग्रॅज्युएटला असं लिहिता येत नाही." आक्कांनी तोंडाला पदर लावला.

एक ते चाळीस वाचले आणि प्रत्येकासमोर साहेबांना उभं केलं. सव्वीस दोष खरे आहेत, दुरुस्त होणारे आहेत, असं मीच सांगितलं. तेरा माझ्या समजुतीतले चुकीचे, त्यांचं कारण दाखवलं. एक मला अजून कळलेला नाही, तेही सांगितलं. साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं ते त्या एकाच्या वेळी.

मग एक्केचाळीस. आठही भिंती वरच्या टोकाला शेजारी शेजारी एका रेषेत उभ्या केल्या होत्या, लांबी खाडीच्या दिशेला करून. प्रत्येकीच्या चाकाखाली गुटका आणि आठही गुटक्यांना एकच दोरी. लूमवाला माणूस एका हातानं अनेक धागे सोडायला शिकलेला असतो. खाली दाराजवळ चुन्याची रेघ मारली होती. साहेबांना म्हणालो, जमीन खचली असेल तर या भिंती वाकड्या जातील, एकमेकींवर आदळतील. बघा. आणि दोरी ओढली.

आधी काहीच झालं नाही. मग आठही हलल्या, अगदी सावकाश, आणि ऐंशी फूट सरळ गेल्या. चाकांची घरघर तेवढी. सात भिंती रेघेवर एकदम पोचल्या. सहा नंबरची चार इंच मागे राहिली. तिचं एक चाक घासतं, हे मी साहेबांना सांगितलं.

साहेबांनी वाकून पन्हळ पाहिली, बाळारामबाबांना दोन प्रश्न विचारले आणि लिहून घेतलं. मनोजशेठ फोनवर बोलत बाहेर गेले. जाताना मला म्हणाले, "सुपरवायझर व्हायचं होतं ना?"

मी म्हणालो, नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

कागद आला. इमारत पाडण्याची तूर्त आवश्यकता दिसत नाही. पण पुढे लिहिलं आहे: लाकडी छताची दुरुस्ती होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत इमारतीच्या आत लोक जमवू नयेत.

प्रमाणपत्राला तीन महिने लागतील. होळी शनिवारी आहे. मनोजशेठनं लगेच आक्कांना कळवलं की माणसं आत येऊ शकत नाहीत, म्हणजे मुदत संपली, सहीचा कागद घेऊन होळीलाच येतो. आक्का म्हणाल्या, ये.

धोकादायक हा शब्द मुंबईपर्यंत पोचला आहे. पाचही चित्रकारांनी नकार कळवला. निशाताईंनी फोन ठेवला, एक भिंत ढकलली, परत आणली, परत ढकलली. मी म्हणालो, एवढं केलं ते वाया नाही जाणार. असं का म्हणालो, कळत नाही. माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग त्या खाडीच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "आत जमवू नयेत. बाहेर?"

खाडीचं दार बारा फुटी आहे, गोणी लादायला केलेलं. बाहेर दगडी धक्का. आणि सगळा उतार तिकडेच.

१ मार्च, गुरुवार

बाहेर भिंती न्यायच्या हे ठरलं, पण भिंतींवर लावायचं काय? निशाताईंची स्वतःची सहा चित्रं आहेत. बाकी जागा मोकळी. आज त्यांनी माझं रजिस्टर मागितलं. मी दचकलो. त्या म्हणाल्या, देशील का, नाही म्हणालास तरी चालेल. असं मला कुणी विचारत नाही. दिलं.

संध्याकाळी परत आल्या त्या पानांच्या दरवाजाएवढ्या झेरॉक्स घेऊन. माझं अक्षर, एक एक वीतभर. तडा, वाळवी, बिजागरी. खाली जिथे मी चूक कबूल केली आणि नवी नोंद लिहिली तेही. ही भिंतींना लावायची म्हणतात. मला फार लाज वाटली. चित्रं मिळाली नाहीत म्हणून त्या मोकळी जागा भरत आहेत, हे मी समजू शकतो, पण लोक हसतील. मी विनंती केली की निदान दोष क्रमांक ३३ लावू नका, त्यात एक अनुस्वार पुसट आला आहे. त्यांनी तोच मधोमध लावला.

४ मार्च, रविवार

काल होळी.

दुपारी तीनला खाडीचं दार उघडलं. बिजागरी मी नवी बसवली आहे, आवाज आला नाही. गुटके काढले आणि एक एक भिंत हात लावून बाहेर सोडली. धक्क्यावर आल्यावर उन्हात त्या वेगळ्याच दिसल्या, उंच आणि थोड्या परक्या. खाली ओहोटीचा चिखल.

चारपर्यंत कुणीही आलं नाही. मी माणसं मोजत होतो: बाळारामबाबा, आक्का, निशाताई, मी. चार. आई येते म्हणाली होती, आली नाही. मनोजशेठ साडेचारला आले. हातात पाकीट. वडिलांना, म्हणजे आक्कांचे भाऊ केसरीनाथशेठ यांना, सोबत आणलं होतं, साक्षीदार म्हणून असेल. ते भिंतींकडे न बघता खाडीकडे बघत उभे राहिले. मनोजशेठनं पाकीट आक्कांच्या मांडीवर ठेवलं. आक्का म्हणाल्या, होळी पेटू दे, मग बघते.

पाड्याची होळी धक्क्याच्या पलीकडे लागते, दरवर्षीच. साडेपाचला बायका नटूनथटून, ताटं घेऊन निघाल्या. वाटेत आमच्या भिंती. पहिली बाई थांबली, मग दुसरी. एका मुलीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली: पूर्वेच्या भिंतीला तडा, सहा फूट दोन इंच. बाळारामबाबा काठी टेकत तिच्या शेजारी गेले आणि म्हणाले, तो तडा न्हाय गो, ऐक. आणि सांगायला लागले. लोक त्यांच्याभोवती जमले. मग कुणीतरी म्हणालं, माझा आजा या धक्क्यावर गोणी वाहायचा. दुसरा म्हणाला, आमचाही. एक बाई माझं सव्वीस नंबरचं पान वाचून म्हणाली, बरोबर हाय, आमचे घरात पन चुना टिकत न्हाय, आमचे दगड पन हिथलेच. कुणी हसलं नाही. मी मोजणं बंद केलं. एकशे दहाच्या पुढे जमेना.

होळी पेटायच्या आधीच आक्का उठल्या. पाकीट न उघडता मनोजशेठच्या खिशात परत घातलं. "बापानं मना दिली ती नवऱ्याच्या, भावाच्या, कुनाच्या जिवावर न्हाय दिली. माजी हाय. उभी राहील." केसरीनाथशेठ खाडीकडेच बघत होते. म्हणाले, "आमचा बाबा पन असाच बोल्लाता." एवढंच.

तेवढ्यात राहीबाई पुढे आल्या. पाड्यातल्या बायकांत त्यांचा शब्द चालतो. मला म्हणाल्या, ती मधली भित बाजूला घे, आमाला नाचायला जागा पायजे. मी एकटाच ढकलायला लागलो. धक्क्यावर उतार नाही, दगड खडबडीत, चाक अडकलं. राहीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. जवळ उभे होते ते मनोजशेठ.

"मनोज, तिकडनं धर."

त्यांना नाही म्हणता आलं नाही. सगळा पाडा बघत होता आणि राहीबाई त्यांच्या चुलतीच लागतात. त्यांनी दुसरी बाजू धरली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पाकीट. आम्ही भिंत उचलून चाक सोडवलं. मी म्हणालो, थोडं डावीकडे. त्यांनी डावीकडे घेतली. बायका रिकाम्या झालेल्या जागेत गोल धरायला लागल्या.

भिंतीमागे आम्ही दोघेच होतो तेव्हा ते हळूच म्हणाले, "उद्या बघतो तुला."

माझा आवाज थरथरला नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. म्हणालो, "या, शेठ. आठला दार उघडतो."